मुंग्या गेल्या कुठे?

"पलंग भिंतीला टेकवू नकोस. पायांखालच्या वाट्यांतलं पाणी रोज बदल. आणि चादर जमिनीला लागू देऊ नकोस."

सासूबाईंची वाचा जाण्याआधीचं हे त्यांचं जवळजवळ शेवटचं बोलणं. अर्धं अंग लुळं पडलं होतं, पाठीला झोपून झोपून जखम झाली होती, तरी घर त्याच चालवत होत्या. "तुमच्या अंगाला मुंगी लागू देणार नाही," असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी चालत्या हाताने माझं मनगट दाबलं. पुढच्या झटक्यात तो हातही गेला.

आता त्याच पलंगाभोवती सगळी गल्ली जमली होती. दारात चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना चिकटलेली तोंडं, आणि मधोमध डबा मांडीवर घेऊन बसलेले, घरातल्या मुंग्या घालवून देणारे रेघबाबा. त्यांना आणलं होतं माझ्या नणंदेने. वन्सं वरच्या मजल्यावर राहतात आणि आईच्या काळजीने रोज कुणाला तरी आणतात.

मुंग्या साध्या नव्हत्या. बारीक, पिवळट, आरपार दिसतील अशा. कुठल्या तरी सामानाच्या खोक्यांतून लांबून आल्या म्हणत. साबणात, औषधाच्या बाटलीत, कपाटातल्या घडीत, सगळीकडे.

"मी मारत नाही हो," बाबा सांगत होते. "मारणारे वेगळे. मी नुसतं सांगतो. मुंगीलाही मान असतो. मान राखून सांगितलं की जीव ऐकतो."

"मग आमच्या भाडेकरूलाही सांगून बघा बाबा," शेजारचा शिंपी दारातून म्हणाला. "मी मान राखून राखून थकलो."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. "थट्टा करणाऱ्याच्या घरी त्या आधी जातात," एवढंच म्हणाले, आणि शिंप्याचं हसू मावळलं.

मग फर्मान सुटलं, पलंग भिंतीला लावा. रेघ भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड पाहिजे. मी पलंगाचा पाय धरला आणि मान हलवली. सकाळी देवापुढे बसल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मी बोलत नाही, बरीच वर्षं झाली. वन्सं म्हणतात, आमच्या घरात दोन मुक्या, एक देवाने केलेली, एक देवासाठी झालेली.

"वहिनी, सोडा. बोलायचं नाही तर अडवता कशाला?"

पलंग सरकला. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि चिमटीने राखाडी पुडीची रेघ ओढली. खोलीभर कापराचा वास सुटला. मुंग्यांची रांग रेघेपाशी आली, थबकली, मिशा हलवल्या आणि मागे फिरली. खिडकीतल्या तोंडांतून एकच आवाज निघाला. वन्संनी डोळ्यांना पदर लावला.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "वन्सं, पलंग पुढे घेऊ या."

"रेघ मोडेल. आई सुखाने पडलीये ते बघवत नाही का?"

खरं सांगायचं तर त्यानंतर काही दिवस आमच्याकडे औषधालाही मुंगी नव्हती. आणि शिंप्याकडे निघाल्या. त्याच्या मशीनमधून, कापडाच्या ताग्यांतून. बाबांचा शब्द खरा ठरला म्हणून गल्ली हादरली. शिंप्याने हात जोडून बाबांना बोलावलं. मग त्याच्या पलीकडच्यांनी, मग त्यांच्या पलीकडच्यांनी. खिडकीशी गप्प बसून मी बघत होते. बाबा एकेक दार पुढे सरकत होते. आमची बाजू संपली, समोरची सुरू झाली.

माझा देवावर विश्वास आहे, त्यामुळेच असेल, माणसावर तो लगेच बसत नाही. बाबा हे करतात कसं, असं सगळे विचारत होते. मला वेगळंच कोडं पडलं होतं. मुंग्या जातात कुठे?

उत्तर मिळालं ते सासूबाईंचं अंग पुसताना. त्यांना कुशीवर वळवलं, तर जखमेवरच्या पट्टीची कड हलत होती.

विजेच्या बोर्डातून रांग निघून भिंतीवरून सरळ पलंगाच्या कठड्यावर उतरली होती. खाली रेघ जशीच्या तशी. सासूबाईंना हात हलवता येत नव्हता, हाक मारता येत नव्हती. डोळ्यांतून निघालेलं पाणी कानात जाऊन वाळलं होतं.

वन्संनी तातडीने बाबांना आणलं. गल्लीही आली.

"रेघ खरी आहे," बाबा म्हणाले. "घरात कुणाचं तरी मन स्वच्छ नाही. जे माणूस बोलत नाही, त्याच्या पोटात काय आहे कुणाला ठाऊक?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुपार व्हायला अवकाश होता.

"आईच्या पोटात काय आहे ते ती जेवणानंतर सांगेल," मागून आवाज आला. "तुमच्या डब्यात काय आहे ते आत्ता बघू."

ही माझी लेक. शाळेत विज्ञान शिकवते, आजीला बघायला आली होती. तिने दुकानातून मुंग्यांची साधी पूड आणवली, तीत राख आणि कापूर कुस्करला, आणि बाबांच्या रेघेशेजारी आपली रेघ ओढली. रांग दोन्हीकडून सारखीच मागे फिरली.

"मी इथे उभा आहे म्हणून तुमचीही चालली," बाबा म्हणाले.

"मग जरा बाहेर जा, पुन्हा करून बघते."

बाबा बाहेर गेले ते गेलेच.

लेकीने वीज बंद करून बोर्डाचं झाकण काढलं. आत अंडी, पिल्लं आणि मोठ्या मोठ्या कितीतरी राण्या. "आत्या, या जातीत राणी एक नसते," ती म्हणाली. "पुडीने घाबरल्या की घरटं फुटतं. एकेक राणी थोड्या मुंग्या घेऊन दुसरीकडे संसार मांडते. रेघेने या जात नाहीत, वाटल्या जातात. आपल्या भिंतीत, मग शिंपीकाकांच्या घरात, मग पुढे. एका घरट्याची सगळी गल्ली झाली."

शिंप्याने पुडीचा पुडा उचलून हातात घेतला. त्याला पटलं असं मला वाटलं.

"म्हणजे ही पूड दुकानात मिळते?"

"मिळते."

"मग त्या भामट्याला कशाला बोलवायचं? आपणच टाकू की."

संध्याकाळी दारोदार पांढऱ्या रेघा होत्या.

लेक घरोघर सांगत फिरली. साखरेच्या पाण्यात अगदी थोडी बोरिक पावडर घाला. मुंगी वाटेत मरता कामा नये, तिने ते घरी नेऊन राण्यांना भरवलं पाहिजे. पण सगळ्यांनी एकदम ठेवा, आणि तोवर कुणी पूड टाकू नका.

"बाबा निदान हाकलत होता," वन्सं म्हणाल्या. "तू त्यांना बोलावून जेवू घालतेस."

शिंपी म्हणाला, "तुमच्याकडे पाजा हवं तेवढं. माझ्या दारात रांग दिसली की मी पूड टाकणार."

जाताना लेक हळूच म्हणाली, "आई, एका घराने काही होणार नाही. येतच राहतील." जखम आता भरायची नाही, असं डॉक्टरही सांगून गेले.

बाबाचं बिंग फुटलं, तरी आमची रेघ गेली नाही. माझ्या उंबऱ्यापलीकडे गेलं म्हणजे संपलं, हा भ्रम बाबाने आणला नव्हता, तो आमचाच होता. बाबाने त्यात नुसता कापूर घातला. म्हणून एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर हे कसं केलं ते विचारा, आणि संकट गेलं म्हणाला तर कुठे गेलं तेही विचारा. विचारल्याने देव रागावत नाही. मी रोज त्याच्यापुढे बसते, मला तरी तो कधी रागावलेला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंग मी एकटीनेच इंच इंच ओढून भिंतीपासून सोडवला. वाट्यांतलं पाणी बदललं, चादर वर खोचली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं मनगट मी दाबलं.

मग कापसाचे बोळे बोरिकच्या गोड पाण्यात भिजवून बाटल्यांच्या टोपणांत ठेवले आणि टोपणं ताटात मांडली. शिंपी सकाळीच घरी सापडतो. देवाला म्हटलं, आजचं मौन तू सांभाळ.

पायात चपला सरकवल्या, ताट उचललं आणि शिंप्याच्या दाराकडे निघाले.