घरातला अनोळखी फोन

नवऱ्यांना नाना नाद असतात. कुणी पत्ते कुटतो, कुणी जुनी मोटारसायकल उघडून दारात पसरून ठेवतो. सिस्टरच्या नवऱ्याला नाद होता लपण्याचा. त्याच्या मागे कुणी लागलं होतं असं नाही. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या, वेळेवर घरी येणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माणसाच्या मागे कोण कशाला लागेल? पण मोठ्या कंपन्या फोनमधून आपल्यावर पाळत ठेवतात, आपण कुठे जातो, कुणाशी बोलतो ते उचलतात आणि विकतात, या विचाराने त्याची झोप उडाली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून त्याच्याशी वाद घालणं फार अवघड जायचं.

आधी त्याने कंपन्यांची सगळी ॲपं काढून स्वतःचा फोन सोवळ्यात नेला. घरातल्या प्रत्येक कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी आली. शेजारी त्याला कुलूपराव म्हणायला लागले, तेही त्याने कौतुक म्हणूनच घेतलं. मग एका रविवारी सिस्टर रात्रपाळी करून आली आणि अंथरुणावर पडली. उठून बघते तो तिच्या फोनचं तोंडच बदललेलं.

"कंपनीची सिस्टीम काढून टाकली," तो म्हणाला. "आता आहे ती ओपन सोर्स. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली. तिचा कोड कुणीही वाचू शकतो. लपवाछपवी नाही."

"तुम्ही वाचलात?"

"सगळा कुठे वाचून होतो? पण वाचता येतो, हे महत्त्वाचं."

सिस्टर हसली. तेव्हा ती अजून हसत होती.

ती घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणारी नर्स होती, म्हणून सगळ्यांची सिस्टर. एक संस्था तिला कामं द्यायची, आणि ती सगळी ॲपवरून. फोन वाजायचा, रुग्णाचं वय, आजार, पत्ता दिसायचा, आणि जी पहिली 'घेते' असं दाबेल तिची ती ड्युटी. नव्या सिस्टीमवर हे ॲप उघडलं, 'हा फोन सुरक्षित नाही' म्हणालं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच.

नवऱ्याला त्याची गंमत वाटली. "चोरानेच कुलूपवाल्याला संशयित म्हणावं तसं झालं हे," म्हणाला, आणि संस्थेला त्याने एक लांबलचक ई-मेल लिहिली, माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल. ई-मेलला उत्तर आलं नाही. ड्युट्याही आल्या नाहीत.

हे सगळं झालं ते नेमकं नको त्या वेळी. संस्था दिवसभर रुग्ण सांभाळायचं एक सेंटर उघडणार होती आणि त्यासाठी एक कायमची नर्स हवी होती. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. सिस्टरने अर्धं आयुष्य परक्यांच्या उशाशी खुर्चीत बसून रात्री काढल्या होत्या. तिला रात्री झोपायचं होतं, स्वतःच्या अंथरुणात, सगळं जग झोपतं तेव्हा. ड्युट्या वाटणाऱ्या मॅडमनी सगळ्याजणींना स्पष्ट सांगितलं होतं, "आता जी हाकेला धावून येईल, तिचाच विचार होईल."

"माझा फोन पहिल्यासारखा करून द्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, हा काय तुझ्या एकटीचा प्रश्न आहे? तुझ्या फोनमधून माझीही माहिती जाते. एक दार उघडं राहिलं तर बाकीची लावून उपयोग काय?"

त्यावर त्याने तोडगा काढला. ॲपऐवजी संस्थेचं पान ब्राउझरमध्ये उघडायचं. पण ते पान वाजत नसे. भाजी परतताना, रुग्णाला कुशीवर वळवताना, तिने आपलं दर थोड्या वेळाने त्यात डोकावायचं. ती डोकावेपर्यंत ड्युटी दुसरीने उचललेली असायची. पुन्हा सांगून पाहिलं, रडूनही पाहिलं. "सवय होईल," एवढंच तो म्हणाला. शेवटी तिने हात टेकले.

हात टेकले म्हणजे त्याच्यापुढे. बाहेर तिने एका दुरुस्तीच्या दुकानातून वापरलेला फोन घेतला, चांगला कंपनीची सिस्टीम असलेला, आणि ड्युटीच्या बॅगेत हातमोज्यांच्या खोक्याखाली ठेवला. घरात ताकास तूर लागू दिली नाही. आतल्या खोल्यांत मोबाईलची रेंज नसे, म्हणून घरच्या वायफायला तो जोडला. नवऱ्याने ठेवलेला तो गाडाभर लांबीचा पासवर्ड तिला तोंडपाठ होता. आपण बाहेर भानगड केल्यासारखा फोन लपवतो आहोत, या विचाराने जिन्यात तिला एकटीलाच हसू आलं.

ड्युट्या सुरू झाल्या. नव्या सिस्टीमवर बंद पडलेला व्हिडिओ कॉलही लागला, बहिणीचा चेहरा कितीतरी दिवसांनी दिसला. "सिस्टर, आलात लाईनीवर," मॅडम म्हणाल्या. तिला आशा वाटायला लागली, आणि आशा वाटली की तिला कामाचा शीणही कमी होत असे.

मग एके दिवशी फोन मुका झाला. ती सुट्टीचा दिवस म्हणून घरीच होती. आज कामं नसतील, असं समजून तिने कपाटं आवरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आधीच ठरलेल्या ड्युटीसाठी बॅग घेऊन बाहेर पडली, तर पहिल्याच जिन्यावर बॅगेतून आवाजांची माळ लागली. कालचे सगळे निरोप एकदम येत होते. सेंटरवर एक दिवस काम करून दाखवायला सगळ्यांत आधी तिला बोलावलं होतं. पुन्हा विचारलं होतं. पुन्हा.

तिने तिथूनच मॅडमना फोन लावला.

"अर्धा दिवस थांबले तुमच्यासाठी," मॅडम म्हणाल्या. "मग दुसरीला पाठवलं. तिचं काम आवडलं त्यांना. झालं नक्की."

"मॅडम, साधा एक फोन करायचा होतात."

"कुणाकुणाला करू सिस्टर? सगळं ॲपवरच चालतं ना आता."

दिवसभर तिने एका म्हाताऱ्याचं अंग पुसलं, औषधं दिली, आणि एकच विचार केला. जिन्यात फोन बोलतो आणि घरात मुका होतो. संध्याकाळी घरी येऊन तिने फोन नवऱ्याच्या समोर टेबलावर ठेवला. "याला काय झालंय?"

त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. लॅपटॉप त्याने तिच्याकडे वळवला. पडद्यावर ओळीच ओळी होत्या.

"घरातून जे जे नेटवर जातं त्याची इथे नोंद होते. हा बघ तुझा दुसरा फोन. सकाळी डोळे उघडल्याबरोबर कंपनीच्या दारात. दुपारी व्हिडिओ कॉल, बराच वेळ. तुझी बहीणच असणार. मंगळवारी रात्री झोप आली नाही वाटतं. गुडघ्याच्या डॉक्टरांची साईट बघत होतीस."

सिस्टरचा हात नकळत गुडघ्यावर गेला. गुडघ्याचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गुडघे दुखणाऱ्या नर्सला कोण काम देतं?

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून. आधी वाटलं, शेजाऱ्याने पासवर्ड चोरला. मग लक्षात आलं, तू गेलीस की हा जातो, तू आलीस की येतो."

"मग विचारलं का नाहीत?"

"तू आपणहून सांगशील, म्हणून वाट बघत होतो. शेवटी परवा रात्री बंद केलं. फोन नाही बंद केला, फक्त ॲपचे निरोप जिथून येतात ती कंपनीची दारं."

तिने त्याला सेंटरचं काम गेल्याचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, खरोखर वाटलं, ते तोंडावर दिसलं. मग म्हणाला, "पण बघ ना. माणसाची अख्खी नोकरी एका कंपनीच्या दयेवर लटकलेली, हेच तर मी इतके दिवस सांगतोय."

तो पुन्हा बरोबर होता. त्या बरोबर असण्याचाच तिला संताप आला.

"कंपनीने माझं काय काय नेलं मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण तिने मला समोर बसवून ते वाचून नाही दाखवलं."

"मी काय कंपनी आहे? नवरा आहे मी तुझा."

"तेच म्हणते मी."

ती फोन घेऊन जिन्यात गेली. मॅडमना लावला. "मुक्कामाची ड्युटी आहे का कुठली?"

रुग्णाच्या घरीच महिनोन्‌महिने राहायचं, ही ड्युटी कुणी घेत नसे.

"आहे की. पण तुम्ही नेहमी नाही म्हणता. घर सोडून राहायचं असतं."

"चालेल मला. पत्ता पाठवा."

आत येऊन तिने पांढरे कपडे बॅगेत भरले, वर टॉवेल, चप्पल, गुडघ्याचा पट्टा. पट्टा मुद्दाम त्याच्या देखत ठेवला. जिन्यातून आत येतानाच तिने आपल्या फोनचं वायफाय बंद केलं होतं, त्यामुळे लॅपटॉपवरच्या तिच्या ओळी थांबलेल्या होत्या. तो त्या ओळींकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. ती दारात वाकून बुटाची नाडी बांधायला लागली तेव्हा तो नुसत्या मोज्यांवर उठून मागे आला.

"कुठे चाललीस?"

इतक्या दिवसांत हे त्याला पहिल्यांदाच विचारावं लागत होतं. तिने नाडी घट्ट केली, कठड्याला धरून उभी राहिली आणि काही न सांगता जिना उतरायला लागली.