पाहुण्यांसाठीची पँट

मास्तरांची दुखणी पाच आणि डॉक्टरही पाच. एक हृदय बघायचा, एक मूत्रपिंड, एक साखर, एक डोळे, एक गुडघे. आख्खे मास्तर कुणाच्याच वाट्याला येत नव्हते. वर्षातून चार-पाचदा धाप लागायची, ॲम्ब्युलन्स यायची, आणि बरे होऊन ते पुन्हा तसेच आजारी पडायला घरी यायचे. मग घरोघरी जाऊन जुनाट आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या सिस्टरच्या कार्यक्रमात त्यांचं नाव आलं. दर आठवड्याला ती घरी यायची, त्यांना वजनकाट्यावर उभं करायची, पाय दाबून बघायची, पाचही डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचा मेळ घालायची. अंगात पाणी साचू लागलं की काटा आधी सांगतो, हे तिनंच त्यांना शिकवलं. दोन वर्षं ॲम्ब्युलन्सनं त्यांची गल्ली पाहिली नाही.

ही गोष्ट कानोकानी पसरली. दुसऱ्या शहरांतून माणसं बघायला येऊ लागली आणि सिस्टर त्यांना मास्तरांकडेच आणू लागली. मास्तर जन्माचे शिंपी, बोलण्यातही टाका चुकायचा नाही. पाहुणे हसत यायचे, हसत जायचे. त्यांच्यापुढे मास्तरांना काट्यावर चढवणं तिला बरं वाटेना. पेशंट कशाला दिसायला हवा, बरा झालेला माणूस दिसावा. म्हणून काटा नुसता दाखवायचा. "बरं आहे ना, मास्तर?" असं ती विचारायची, आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर उरायचं.

त्या सकाळी आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हाती चार शहरांचे दवाखाने होते. त्या हो म्हणाल्या तर हेच काम तिथंही सुरू होणार होतं. मास्तर शिवणयंत्राला टेकून बसले होते. इस्त्रीचा सदरा, राखाडी पँट. मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या.

"ही पोरगी यायच्या आधी मी पाच डॉक्टरांचं ठिगळकाम होतो," मास्तर म्हणाले. "हिनं मला एकसंध शिवला."

डॉक्टरीणबाई हसल्या. सिस्टरही हसली, हे वाक्य तिला पाठ होतं. हसता हसता तिची नजर खाली गेली. ही पँट तिनं कितीदा पाहिली होती. आज पँटीच्या बाजूच्या शिवणीलगत, कमरेपासून घोट्यापर्यंत, बोटभर गडद पट्टा होता. ऊन-पाणी न लागलेलं, आतलं कापड. शिवण उसवून, आतली माया, म्हणजे दुमडून ठेवलेलं जादा कापड, सोडून, पँट दोन्ही अंगांनी वाढवली होती. टाके इतके बारीक, की एरवी कुणाच्या ध्यानात आले नसते.

ती खाली बसली, मास्तरांचा मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी पाण्यानं फुगलेल्या पायात खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत पाऊल राहावं तसा.

मास्तरांनी पाय मागे घेतला.

"एवढं पाहुण्यांसमोर नको होतं गं," ते हळू म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारलं, सिस्टर याआधी कधी येऊन गेल्या? मागच्याच आठवड्यात, काकू म्हणाल्या, पाहुणे होते की बरोबर.

"आणि एकट्या?"

"एकटी होय?" काकूंनी आठवून पाहिलं. "एकटी ती उन्हाळ्यात आली होती."

आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर सिस्टरला पाय रोवून उभं तरी राहता आलं असतं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

डॉक्टरीणबाई खाली जाऊन थांबल्या. तिनं हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लगेच घेऊन या. काकू पिशवी भरू लागल्या. सिस्टर मास्तरांपाशी जमिनीवर बसली, आणि काही न विचारता बसून राहिली. तेव्हा कुठे मास्तर बोलू लागले. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून ते बरेच दिवस याच खुर्चीत, यंत्रावर डोकं ठेवून झोपत होते. डोक्याखाली काकू चादरीची घडी सारायच्या.

"मला सांगायचं होतं ना, मास्तर."

"कधी सांगू? तू येतेस तेव्हा घर भरलेलं. त्यात मीच आजारी निघालो तर तुझं नाक कापलं जायचं. चार शहरांचं काम माझ्या पँटीत अडकायचं." ते हसायला गेले आणि त्यांना धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाले, "सगळी हयात लोकांची पोटं झाकण्यात गेली. एकदा स्वतःचं झाकलं."

तिनं त्यांचा मोजा पुन्हा पायावर चढवला.

"खाली काय सांगशील त्यांना? माझं सांगशील?"

"माझं सांगेन."

डॉक्टरीणबाई गाडीपाशी उभ्या होत्या. सिस्टरनं सांगितलं, काम खरं आहे; मास्तर दोन वर्षं त्याच्याच जोरावर उभे राहिले. मी ते करायचं सोडलं आणि दाखवत फिरले.

डॉक्टरीणबाईंनी तिला धीर दिला नाही, की बोलही लावला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बाकीची घरं?"

बाकीच्या पेशंटांच्या घरी तर ती पाहुण्यांना घेऊनसुद्धा गेली नव्हती. तिनं तेही सांगितलं, आणि मास्तरांना खाली आणायला ती जिना चढू लागली.