नुसता लेप

तिनं लेपाची डबी दोन्ही तळहातांत धरून जराशी उबवली, मग आत्याच्या दंडावर लेप पसरला.

"सुई कुठाय?" आत्यानं डोळे घट्ट मिटूनच विचारलं.

"सुई नाहीच, आत्या. लस या लेपात आहे. यंत्राची ही मूठ वरून फिरवली की आवाजाच्या लहरी ती कातडीच्या आत ढकलतात."

"आवाज तर काही येत नाही."

"आपल्याला नाही ऐकू येत."

आत्यानं एक डोळा उघडला. दवाखान्यात या यंत्राचा आज पहिलाच दिवस होता. बाहेरच्या बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. तिच्या हाताला मात्र ती मूठ जुनीच. प्रयोगशाळेत असताना, हात बसावा म्हणून ती मूठ घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर वडिलांचा दंड पुढे ओढायची. तेव्हा लेप नुसता असे, बिनलशीचा. वडील पेपरातून डोकं वर न काढता हात देऊन टाकत. मग तापाची साथ आली आणि वडील गेले. यंत्राला मान्यता मिळाली ती त्यानंतर.

"अगं, गुदगुल्या होतात!" आत्या खुदकन हसली. "दादा म्हणायचा तश्शाच."

"बाबा तुला सांगायचे?"

"मलाच काय, अख्ख्या गल्लीला! साथीत घरोघरी लस द्यायला नर्सबाई आल्या होत्या, तू कामावर होतीस. त्यांना दारातूनच वाटेला लावलं त्यानं. म्हणे, 'माझी झाली, लेकीनं घरीच दिली. तीही बिनसुईची.' काय तो तोरा! एरवी सुई म्हटली की पाचावर धारण बसायची."

तिचा हात थबकला नाही. त्याच लयीत गोल फिरत राहिला.

"ताप चढला तेव्हा मी म्हटलं, अरे, लस झाली होती ना तुझी? तर म्हणाला, 'तिच्यापाशी हा विषय काढू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल पोरगी.'" आत्यानं जीभ चावली. "आज बघ, माझ्याच तोंडून निघालं."

डोस पूर्ण होऊन मुठीवरचा हिरवा दिवा केव्हाच विझला होता. दारातून पुढच्या माणसानं आत डोकावून पाहिलं.

"झालं का गं?" आत्यानं हळूच विचारलं.

"थोडं राहिलंय," ती खाली मान घालून म्हणाली, आणि बंद झालेली मूठ उरल्यासुरल्या लेपावरून फिरवत राहिली.