झिजलेली पिसं

फोटो स्पष्ट करून पाठवा, असं तुम्ही लिहिलंत. तुम्हीच. कागदावर तुमचा शिक्का आहे, तारीख आहे, सहीच्या जागी कोंबडीने पाय ओढल्यासारखी एक रेघ आहे. आणि फोटो स्पष्ट होऊन आले तेव्हा तुम्हीच म्हणालात की हे पक्षी ते पक्षी नव्हेत. आता खाडीच्या चिखलावर मातीचे ट्रक रिकामे होतायत आणि तुमच्या कचेरीत पंखा फिरतोय. चूक तिची झाली. ती नाकारत नाही, कधी नाकारणार नाही. पण तिची किती आणि तुमची किती, हे कुणीतरी समोर मांडायला हवं. तेव्हा पहिल्यापासून ऐका.

ती एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम करते. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून बारा वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. एका लग्नाचे हजारभर फोटो येतात. नवरीच्या मानेवरचा घाम पुसायचा, नवऱ्याच्या हनुवटीवरचा फोड काढायचा, डोळ्यांना धार द्यायची, मावश्यांच्या गालांवरून हळूच हात फिरवायचा. हात असा बसलाय की मालकांनाच आवरावं लागतं.

"ताई, जरा दमानं. मागच्या अल्बममध्ये नवरीच्या आईला लोक तिची धाकटी बहीण समजले."

"मग तक्रार आली का?"

"आईची नाही आली. धाकट्या बहिणीची आली."

असा तिचा हात. तो लक्षात ठेवा.

तिचे बाबा खाडीच्या बंधाऱ्यावर दारं उघडायचे आणि बंद करायचे. चौतीस वर्षं हेच काम. भरतीला बंद, ओहोटीला उघड. ओहोटी लागली की बंधाऱ्यापलीकडे चिखलाचं मैदान उघडं पडायचं आणि त्यावर लांब पायांचे, लांब चोचींचे पक्षी उतरायचे. शेकाटे, चिखले, आणि सर्वांत जास्त तुतारी. तुतारी म्हणजे दिसायला काहीच नाही. चिखलाचाच एक गोळा उठून चालायला लागलाय असं वाटावं इतकी साधी. बाबांचा जीव नेमका तिच्यावर. एक जुना कॅमेरा त्यांनी कुणाकडून तरी घेतला आणि एकोणीस वर्षं त्याच जागेवरून, त्याच दिवसांत, त्याच पक्ष्यांचे फोटो काढले. निवृत्त झाले तरी पहाटे उठून जायचेच. आई म्हणायची, "पगार थांबला, हजेरी थांबेना."

मग त्या चिखलावर गोदामं बांधायची ठरली. तुमच्याच नियमात एक कलम होतं: पूर्ण वाढीचे पक्षी तिथे वर्षानुवर्षं परत येत असतील तर जागा राखून ठेवायची. नुसती वाट चुकलेली पिल्लं उतरत असतील तर नाही. फोटो असलेल्यांनी पाठवावेत. बाबांना वाटलं, एवढंच ना.

पक्ष्याचं वय पिसांवरून कळतं. मोठे पक्षी घरटी, अंडी, पिल्लं सगळं उरकून लांबून येतात. त्यांची पिसं तोवर झिजलेली असतात, कडा तुटक्या, रंग विटलेला, रोज वापरून गेलेल्या शर्टाच्या कॉलरसारखी. पिल्लं मागाहून येतात. त्यांची पिसं नवीकोरी, प्रत्येक पिसाला पांढरट नीट कड, जणू कुणी इस्त्री करून पाठवलीत. फोटोत हा एवढाच फरक. केसभर.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं फोटो तयार करायला बसायची. ती कॉम्प्युटरपुढे, बाबा शेजारी स्टुलावर, हातात कपभर चहा आणि तोंडात हुकूम.

"उजेड चढव थोडा. बास. चिखल निळा दिसतोय, त्याला मातीवर आण."

"बाबा, पिसं मऊ दिसतायत. जराशी धार देऊ?"

"मऊ आहेतच ती."

"बघणाऱ्याला कळायला नको?"

"बघणाऱ्याने बघायचं. तू पिसाला हात लावायचा नाही."

"मग हे दाणे तरी पुसते. सगळा फोटो रवाळ झालाय."

"पुसशील, आणि त्याच्यासोबत पीसही पुसशील. पहाटेचा उजेड असाच असतो. राहू दे." मग चहाचा घोट घेऊन, "गाल गुळगुळीत करायचे असतील तर तुझ्या मावश्या आहेत की स्टुडिओत."

ती हसायची. हात मात्र माउसवर शिवशिवायचा. आपल्याला येणारं काम समोर आहे आणि करू देत नाहीत, याचा थोडा रागही यायचा. तोही लिहून ठेवा, कारण पुढे तोच उपयोगी पडला.

एकेचाळीस फोटो निवडले. कागदावर छापले, सोबत मूळ फाइलींची डिस्क, मागे प्रत्येकाची तारीख आणि पाण्याची वेळ. बाबांनी पाकीट सुतळीने बांधलं आणि वर बंधाऱ्याच्या दाराला मारायचे तीच गाठ मारली. एक टोक ओढलं की सुटते, दुसरं ओढलं की आणखी आवळते, आणि दिसायला दोन्ही टोकं सारखी. तिला लहानपणी दहादा शिकवली होती. दहाही वेळा तिने चुकीचं टोक ओढलं.

आई म्हणाली, "कचेरीत कुणाला सुटणारेय हे?"

"बघायचं असेल तर कात्री असते त्यांच्याकडे," बाबा म्हणाले.

चार महिन्यांनी तुमचा कागद आला. छापील. पाच दोष, पाच चौकोन, तिसऱ्या चौकोनात खूण. छायाचित्रे अस्पष्ट, तपशील दिसत नाही. स्पष्ट करून तीस दिवसांत सादर करावीत.

तोवर बाबा हॉस्पिटलात होते. छातीत पाणी. आयुष्यभर पाणी अडवलं, आता ते आतून आलं, असं तेच म्हणाले. तिने कागद वाचून दाखवला.

"तेच परत पाठव. सांग, डोळे धुऊन बघा."

"बाबा, तारीख निघून जाईल. पुन्हा नाही म्हटलं तर?"

"पिसाला हात लावू नकोस." एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि नर्सने तिला बाहेर काढलं.

तिने हात लावला.

स्टुडिओत, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता. आधी एकाच फोटोवर करून बघू म्हणाली. दाणे पुसले. धार चढवली. पीस न् पीस सुटं झालं, नक्षीसारखं. मालक मागून जात होते, थांबले. "ताई, हे तर जिवंत झाले." मग तिने उरलेले चाळीस केले. बाबांचं हट्टीपण, तुमची तारीख, त्यांची धाप, सगळं धार कमी-जास्त करायच्या त्या एका सरकपट्टीवर तिने उजवीकडे ओढलं. शपथेवर सांगते म्हणाली, त्या दुपारी तिला वाटत होतं की ती बाबांना वाचवतेय.

नवं पाकीट केलं, स्वतः कचेरीत नेऊन दिलं, पोच घेतली. त्यातले चार फोटो जास्तीचे छापून हॉस्पिटलात नेले. बाबांनी चष्मा मागितला. एकेक फोटो बराच वेळ धरला.

"छान आलेत," ते म्हणाले. "पिल्लं उतरली वाटतं. मोठे कुठायत?"

"हे मोठेच आहेत, बाबा. तुमचेच फोटो. बंधाऱ्यावरचे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा फोटोंकडे पाहिलं. मग चष्मा काढून घडी घातली आणि तिच्या हातावर दोनदा थोपटलं.

"असेल," म्हणाले.

बाहेर येऊन तिने नर्सला सांगितलं, आज बाबा भानावर नाहीत. अकराव्या दिवशी ते गेले.

भिंतीवर लावायला त्यांचा फोटो तिनेच केला. आईने तो हातात घेतला, उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "चांगला आहे गं. पण हे एवढे तरुण असताना मी यांना ओळखत नव्हते." ती उठून आत गेली. रडणं येतंय म्हणून गेली असं आईला वाटलं. खरं तर तिला कळलं होतं की आपण न विचारता त्यांच्या कपाळावरूनही हात फिरवलाय. कधी, ते आठवेना.

त्याच आठवड्यात तुमचा निकाल आला. सादर छायाचित्रांतील सर्व पक्षी नव्या पिसांची, त्या-त्या वर्षाची पिल्ले असल्याचे दिसते. मोठ्या पक्ष्यांचा पुरावा नाही. हरकत नामंजूर.

तिने दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडले, बाबांचा आणि तिचा. दहापट मोठे केले. धार चढवली की गडद रेघेच्या कडेला एक पांढरी रेघ उमटते. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. रोज माहीत असतं. नवरीच्या पापण्यांना ती रेघ शोभते. इथे ती प्रत्येक झिजलेल्या पिसाच्या कडेला बसली होती, नीट, पांढरी, इस्त्री केलेली. तुटक्या कडा दाण्यांबरोबर पुसल्या गेल्या होत्या. एकोणीस वर्षं परत परत आलेले म्हातारे पक्षी तिने एका जेवणाच्या सुट्टीत पिल्लं करून टाकले होते.

आणि बाबा भानावर होते. पूर्ण भानावर. त्यांनी पाहिलं, ओळखलं, आणि मुलीच्या हातावर थोपटून गप्प बसले. ते "असेल" आता तिला कुठे ठेवायचं कळत नाही. ते रागाचं असतं तर तिने सहन केलं असतं.

ती मूळ फाइली घेऊन तुमच्याकडे आली. खिडकीत एक चष्मेवाले कारकून होते.

"चूक माझी झाली," तिने सांगितलं. "फोटोंवर मी जास्त काम केलं. हे मूळचे बघा. हे मोठे पक्षी आहेत."

"म्हणजे मागे दिले ते खोटे?"

"खोटे नाही. बिघडवलेले."

"आता हे बिघडवले नसतील कशावरून? एकाच पक्ष्याचे दोन फोटो, एकात म्हातारा, एकात तरुण. आम्ही कुठला धरायचा, बाई?"

"पहिल्या पाकिटातला. त्यात मी पिसांना हातच लावलेला नाही. वडिलांनी बांधून पाठवलाय, तुमच्याकडेच आहे."

"तो अस्पष्ट होता."

"असू दे. आता काढून बघा ना. माझ्यासमोर बघा."

"फाइल बंद झाली." मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, आवाज खाली आणून म्हणाले, "पाकीट हवं तर सही करून घेऊन जा. नाहीतरी आमच्याकडे ठेवायला जागा नाही."

ते आत गेले. वीस मिनिटांनी आले. पाकीट खिडकीतून बाहेर सरकवलं. वर धूळ, कोपऱ्यात आवक क्रमांक. आणि मधोमध सुतळी. सुतळीवर गाठ.

तिने गाठीकडे पाहिलं. दोन टोकं, दोन्ही सारखी. कुठे कापलेलं नाही, कुठे जोडलेलं नाही. पाकिटाच्या कडा शाबूत, गोंद तसाच. ती गाठ सोडून पुन्हा तशीच बांधू शकेल असा माणूस या जगात एकच होता आणि तिच्या भिंतीवर तरुण होऊन लटकत होता.

"आणखी काही?" कारकुनांनी विचारलं.

तिने पाकीट उचललं. सही केली आणि निघाली. घरी जाताना बंधाऱ्यावरून गेली. ओहोटी होती. अर्ध्या चिखलावर लाल माती पडली होती, उरलेल्या अर्ध्यावर पंधरा-वीस तुतारी होत्या, ट्रक मागे आला की उडायच्या, वळसा घालून पुन्हा तिथेच उतरायच्या. लांबून त्यांची पिसं मऊ दिसत होती.

पाकीट आता घरी टेबलावर आहे. आई म्हणाली, "सोड ना ते." ती म्हणाली, "कुठलं टोक?" आई म्हणाली, "मला कुठे ठाऊक." कात्री समोरच्या खणात आहे. दोघींपैकी कुणी खण उघडत नाही.

आता तुम्ही बोला. पिसांवर धार तिने चढवली, बाबांचं सांगणं तिने मोडलं, हे ती तुमच्यासमोर पुन्हा सांगेल, हवं तर लिहून देईल. पण तिला स्पष्ट करायला लावणारी ती तिसऱ्या चौकोनातली खूण कुणी केली? गाठ न सुटलेल्या पाकिटातले एकेचाळीस फोटो तुम्हाला अस्पष्ट कसे दिसले? उत्तर द्या. लेखी, नाव घालून, वाचता येईल अशा सहीने. तीस दिवसांत.