जांभळं मशीन

आत्याने कानाचं मशीन लावलं, तर भाचीचा फायदाच फायदा होता. टीव्हीचा आवाज माणसात येणार होता, खालच्या मजल्यावरच्या बाईंची जिन्यात नजर चुकवावी लागणार नव्हती, आणि मुख्य म्हणजे तिचा गळा वाचणार होता. भाची नखं रंगवायची. या धंद्यात अर्धं काम हाताचं, अर्धं तोंडाचं. गप्पा थांबल्या की गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीकडे बघायला लागतं. आणि घरी आत्याशी ओरडून तिचा आवाज फाटक्या पिपाणीसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर उरलेलाही जाईल.

आत्या मात्र मशीन डबीतून काढायला तयार नव्हती.

"टोचतं का?" भाची ओरडली.

"टोचत नाही. रंग बघ त्याचा." आत्याचा जन्म बायकांचे कपडे शिवण्यात गेला होता. "अंगाच्या रंगाचं कापड मी कायम आतल्या कपड्यांना वापरलं. तेच आता कानावर टांगून चारचौघांत बसू?"

भाची मशीन घेऊन आपल्या नखांच्या दुकानात गेली. दिव्याखाली धरलं, तर पाठीवर दोन बारीक खड्डे दिसले. नखावर खड्डा दिसला की आधी तो भरायचा, मग रंग लावायचा, हे तिच्या हाताला सांगावं लागत नसे. तिने खड्डे भरले, जांभळा रंग चढवला, त्यावर चंदेरी रेघ ओढली.

आत्याने ते लावलं, आरशासमोर मान दोन्हीकडे वळवून पाहिली आणि केस कानामागे सारले. "आता कसं, दागिन्यासारखं दिसतंय," म्हणाली, आणि पत्ते खेळायला मैत्रिणींकडे गेली.

परतली ती खुशीत. कोण काय म्हणालं, कोणाची सून कशी वागते, सगळं ऐकून आली होती. भाचीला हायसं वाटलं. पण स्वयंपाकघरातून हाक मारली, तर ओ नाही. समोर बसून बोललं की आत्याला सगळं कळायचं. पाठ वळली की भिंतीशी बोलल्यासारखं. हे कसलं मशीन, जे तोंड बघून ऐकतं?

भाचीला राहवेना. एकदा आत्याला घ्यायला म्हणून ती पत्त्यांच्या डावात जाऊन बसली आणि बघत राहिली. बोलण्याआधी प्रत्येकीची नजर त्या जांभळ्या ठिपक्याकडे जायची. मग ती पत्ते खाली करून आत्याकडे तोंड फिरवायची आणि एकेक शब्द सुटा बोलायची. याच बायका आधी आत्याला शिष्ट म्हणायच्या, हाक मारली तरी बघत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाची आत्याला घेऊन मशीनवाल्याकडे गेली. त्याने भिंग लावलं.

"ही भोकं कोणी बुजवली?"

"मी. माल खराब आलाय असं वाटलं."

"बाई, आवाज तिथूनच आत जातो. मशीनलाच बहिरं केलंत की."

"पण हिला तर ऐकू येतं."

मशीनवाल्याने मशीन परत आत्याच्या कानाला लावलं, तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "आत्याबाई, चहा घेणार?" आत्या समोरच्या आरशात चंदेरी रेघ न्याहाळत बसली होती.

भाची तिच्या पुढ्यात आली. "तुला ठाऊक होतं, हे बंद आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू रंग खरवडून काढला असतास."

मशीनवाला हसला. रंगाला हात न लावता त्याने दोन्ही भोकं मोकळी केली आणि मशीन पुन्हा चढवलं. आत्या दचकली, मग बराच वेळ दुकानातल्या पंख्याकडे बघत राहिली. "हा एवढा कुरकुरतो होय," म्हणाली.

घरी आल्यावर भाची स्वयंपाकघरात शिरली आणि भाजी चिरता चिरता सवयीने पुटपुटली, "म्हातारी भलतीच पोचलेली आहे."

"तुझीच आत्या," बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं. "आणि कांदा बारीक चिर."

टीव्हीचा आवाज खाली आला. खालच्या बाई जिन्यात हसून बोलायला लागल्या. आत्याला कानही मिळाले आणि दागिनाही. भाचीचा गळा वाचला, पण किंमतही तिनेच मोजली: इतकी वर्षं ओट्यापाशी बिनधास्त पुटपुटून ती मन हलकं करायची, ते सुख संपलं. आता सगळं गिळावं लागतं.