दोन मतांची पट्टी

भोवऱ्याला एका जागी बसवण्याचा उपाय त्याच्या जन्मदात्यांना सापडला नव्हता, तो हृदयविभागाला लागून असलेल्या, पूर्वी चादरी ठेवायच्या खोलीत थाटलेल्या प्रयोगशाळेला काय सापडणार. वय सत्तेचाळीस, डोक्यावर केस मोजकेच, पदव्या मात्र भरघोस, आणि खुर्चीत सलग पाच मिनिटं टेकला तर शेजारची माणसं त्याची तब्येत विचारत. हे नाव त्याला थोरल्या बहिणीने, ताईने, तो सहा वर्षांचा असताना दिलं होतं. आई गेल्यावर त्याला वाढवलं ते तिनेच, त्यामुळे नाव ठेवण्याचा हक्कही तिचाच. आता तीच ताई, पोस्टात तीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेली, हृदयाची एक झडप कुरकुरू लागली म्हणून सात नंबरच्या खाटेवर येऊन पडली होती. ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. तोवर भावाच्या यंत्राला आपलं हृदय वापरू द्यायला तिने खुशीने सही केली होती.

"आत काही सापडलं तर मला आधी सांग," ती म्हणाली होती. "डॉक्टरांना मग सांगितलंस तरी चालेल."

त्या यंत्राला सगळे चोंबडी म्हणत. यंत्र तरी कशाला म्हणायचं, कॉम्प्युटरला लावलेली ती एक सवय होती. बारा खाटांवरच्या बारा जणांच्या छातीवरून, बोटांवरून येणारे ठोके, श्वास, ऑक्सिजन ती दिवसभर चघळत बसे आणि कुणाचं बिनसतंय असं वाटलं की वर्दी देई. एरवी वॉर्डातल्या मॉनिटरना उठसूट बोंबलायची खोडच असते. माणूस कुशीवर वळला, खोकला, दात घासू लागला तरी ते सुतकाची बातमी देतात, आणि अशा शंभर हाका ऐकलेली सिस्टर एकशेएकाव्या हाकेला जागची हलत नाही. ती एकशेएकावी हाक नेमकी खरी असते. चोंबडीने खऱ्या-खोट्यातला फरक शिकावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

शिकवायची रीत शाळामास्तरांची. आदल्या दिवशीचे सगळे अलार्म सकाळी तीस-तीस सेकंदांच्या पट्ट्या होऊन पडद्यावर येत. पट्टीवर नाव नाही, खाटेचा नंबर नाही. एक आकडा आणि वेळ, बस्स. कुठला आकडा कुठल्या खाटेचा याची किल्ली भोवऱ्याकडे असे, पण मत देण्याआधी ती उघडायची नाही असा नियम होता. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांच्या रकान्यात न डोकावता, प्रत्येक पट्टीपुढे 'खरी' किंवा 'खोटी' लिहायचं. लिहिलं की कुलूप. मतं जुळली नाहीत तर पट्टी प्रोफेसरबाईंच्या रांगेत जाई आणि त्यांचं मत अखेरचं. प्रोफेसरबाई सध्या एका परिषदेला गेल्या होत्या, सोमवारी परतायच्या होत्या. पण मतं फुटायचीच क्वचित, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

एक मत भोवऱ्याचं, दुसरं शंकेचं. ती तिशीतली संख्याशास्त्रज्ञ, कामाला वाघ, आणि दहा वाजले म्हणून सांगितलं तर 'कुणाच्या घड्याळात' असं विचारणारी. दोघांचं रोज वाजायचं आणि दोघांचं एकमेकांवाचून चालायचं नाही.

एका मंगळवारी सकाळी साडेनवाला पट्ट्या आल्या त्यात दोन पट्ट्यांवर तारीख त्याच दिवसाची होती. एकीवर वेळ अकरा चाळीसची, दुसरीवर सव्वाची.

"सर्व्हरचं घड्याळ पुढे पळालंय," शंका म्हणाली. "जेवणानंतर बघू."

"मला आवडलं. कुणीतरी या खोलीत वेळेच्या आधी येतंय," भोवरा म्हणाला. शंका रोज दहा मिनिटं उशिरा यायची.

पहिली पट्टी भयंकर दिसत होती, पण तिच्या शेपटाशी दात घासताना येते तशी कुरबूर होती, म्हणून दोघांनीही आपापल्या जागी 'खोटी' लिहिलं. दुसरी त्या मानाने साधी, पण स्वच्छ होती. तिला दोघांनी 'खरी' म्हटलं. कुलूप लागल्यावर भोवऱ्याने किल्ली पाहिली. पहिली चार नंबरची, निवृत्त बसड्रायव्हरची. दुसरी नऊ नंबरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची.

अकरा चाळीसला चार नंबरचा अलार्म वाजला. भोवरा त्या वेळी वॉर्डातच घिरट्या घालत होता, त्याने मॉनिटरवर पाहिलं. सकाळची तीच पट्टी, तीच घसरण, तसूभर फरक नाही, त्याच्या डोळ्यांदेखत जिवंत उमटत होती. डॉक्टर धावले, सिस्टर धावली. रेघ खाली गेली, गटांगळ्या खाल्ल्या आणि कुणी हात लावायच्या आत जशी गेली तशी वर आली. ड्रायव्हरने डोळे किलकिले केले आणि खाटेभोवतीच्या गर्दीकडे पाहिलं.

"सगळे कुठे चढताय? गाडी डेपोत चाललीय," तो म्हणाला.

सव्वाला नऊ नंबरच्या बाई गेल्या. आदल्या मिनिटापर्यंत त्या सिस्टरला तिच्या कोटाची शिवण कुठे उसवलीय ते दाखवत होत्या.

दुःख व्हायला हवं होतं आणि झालंही. पण त्या दुःखाखाली दुसरंच काहीतरी उकळत होतं आणि ते दाबून ठेवणं भोवऱ्याच्या कुवतीबाहेरचं होतं. चोंबडी पुढचं पाहत होती. मिनिटा-दोन मिनिटांचं नव्हे, तासांचं. बुधवारी अशा तीन पट्ट्या आल्या, तिन्ही त्या त्या मिनिटाला उमटल्या. शंकेने घड्याळ तपासलं, वायरी तपासल्या, भोवऱ्याने गंमत केली नाही ना म्हणून त्यालाही तपासून घेतलं. मग तिने एकदा 'बापरे' म्हटलं. तिच्याकडून एवढं म्हणजे बँडबाजा वाजल्यासारखंच होतं.

सिस्टरला सगळं सांगावं लागलं. वेळ आणि खाट तिला आधी कळली तर ती तयारीत उभी राहणार होती.

"म्हणजे तुमची चोंबडी आता ज्योतिष पाहते," सिस्टर म्हणाली. "माझी बदली कधी आहे ते विचारा."

पण बुधवारी दुपारी, ताईला सफरचंद कापून देता देता, भोवऱ्याला एक गोष्ट खटकली. ड्रायव्हरची पट्टी शिवणवाल्या बाईंच्या पट्टीपेक्षा कितीतरी वाईट होती. बुधवारच्या तिघांतही तसंच. दोन पट्ट्या दोघांनी खोट्या ठरवल्या होत्या, त्या माणसांना पुढे काहीही झालं नाही. तिसरी तितकीच वाईट, दोघांनी खरी म्हटलेली. तो माणूस सिस्टर सुया घेऊन उशाशी उभी असूनही वाचला नव्हता.

"बोट कापशील," ताई म्हणाली. "काय झालं? तोंड असं का, परीक्षेत नापास झाल्यासारखं?"

"नापास नाही ताई. पहिला आलोय बहुतेक."

गुरुवारी शंकेला दिवसभर दुसऱ्या इमारतीत प्रशिक्षणाला बोलावलं होतं. पुढच्या वेळेच्या तीन पट्ट्या आल्या, तिन्ही अशा की विद्यार्थ्यांना मरण कसं दिसतं ते दाखवायला वापराव्यात. भोवऱ्याने खोलीला आतून कडी लावली, स्वतःच्या रकान्यात तीनदा 'खोटी' लिहिलं, मग शंकेच्या खुर्चीत बसला. तिचा पासवर्ड तिला सोडून सगळ्यांना पाठ होता. तिच्याही रकान्यात त्याने तीनदा 'खोटी' लिहिलं आणि कुलूप लागल्याचा आवाज ऐकून मगच तो उठला.

दहा पंचवीस, बारा दहा, तीन वाजता. तिन्ही वेळा वॉर्ड धावला, तिन्ही वेळा रेघ तळाला जाऊन परत आली. संध्याकाळी चहाच्या वेळेला ती तिन्ही माणसं उशीला टेकून बसली होती आणि त्यातला एक चहा पाणचट आहे म्हणून भांडत होता. भोवरा कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि येताना, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, चक्क दोन उड्या मारत आला. सत्तेचाळीस वर्षं त्याने जे जे केलं ते ते या एका दिवसापुढे पाणचट चहाच होतं. उद्यापासून या वॉर्डात कुणी जाणार नव्हतं. आणि ताईचं ऑपरेशन आता झालं काय, न झालं काय.

शुक्रवारी शंका आली ती पेटलेलीच. तिने कालचे रकाने पाहिले होते.

"माझ्या नावावर तू लिहिलंस?"

"तीन माणसं चहा पितायत, बघ जाऊन."

"ती पितायत म्हणून तुझं मत बरोबर ठरलं. माझं कुठे होतं त्यात? दोघांनी वेगळं बघायचं, हा एकच तर अर्थ आहे या सगळ्याला. नाहीतर मग तू एकटाच ठरव, कोण खरं नि कोण खोटं."

आपण लिहितो तेच पुढे होतं, हे त्याला सांगायचं होतं. पण सांगायचं ते शब्दांत मांडू गेलं की इतकं खुळचट होई की शंकेसमोर उच्चारायची सोय नव्हती. तिने पासवर्ड बदलला, खुर्ची भिंतीकडे फिरवली, कान झाकणारे हेडफोन घातले आणि दोघं दिवसभर पाठीला पाठ लावून बसले. सकाळी पुढच्या वेळेची एकही पट्टी आली नाही. ती दुपारी आली, साडेतीनच्या सुमाराला, एकुलती एक.

भोवऱ्याला किल्लीची गरज पडली नाही. आपण माणूस लांबून चालीवरून ओळखतो, तशी त्याने ती रेघ ओळखली: दर पाचव्या ठोक्यानंतर अडखळणं, जणू काही विसरलं म्हणून मागे वळून पाहावं. गेले दोन आठवडे तो हे अडखळणं कौतुकाने बघत आला होता. पट्टीवर वेळ चार वीसची होती, आणि अडखळण्यानंतरच्या त्या रेघेत दात घासण्याची, कुशीवर वळण्याची कसलीही कुरबूर नव्हती. इतकी स्वच्छ पट्टी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

त्याने 'खोटी' लिहिलं आणि वळून शंकेचे हेडफोन ओढले.

"आत्ताची पट्टी. काय लिहिलंस?"

"विचारायचं नसतं."

"काय लिहिलंस?"

"खरी. आंधळ्यालाही दिसेल." मग त्याचा चेहरा पाहून ती उठलीच. "कुणाची आहे?"

"ताईची. बदल ते. खोटी लिही."

यापुढे शंका एकही प्रश्न विचारणार नाही, हे भोवऱ्याने कधी स्वप्नातही पाहिलं नसतं. ती गपकन खाली बसली आणि तिने बदलायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. कुलूप चोख होतं. ते भोवऱ्यानेच लिहिलं होतं.

"एक तुझं, एक माझं," ती हळू आवाजात म्हणाली. "प्रोफेसरबाईंच्या रांगेत गेली. त्याच उघडू शकतात. सोमवारी."

तिने प्रोफेसरबाईंना फोन लावला. परिषदेत असाव्यात, फोन बंद होता.

चार वीसला सात नंबरच्या खाटेभोवती डॉक्टर, सिस्टर आणि तयारीची सगळी आयुधं होती, आणि मध्ये ताई, आपल्यामुळे एवढ्यांचा खोळंबा झाला म्हणून ओशाळलेली. रेघ पाचव्या ठोक्यावर अडखळली, मग पुन्हा एकदा, आणि मग आडवी झाली. टेबलावर दोरा ओढून ठेवावा तशी सरळ. अलार्म केकाटला. डॉक्टर पुढे झुकले.

"त्याला गप्प करा आधी," ताई म्हणाली. "कान किटले."

सगळे थांबले. मग सिस्टर हसली, मग डॉक्टर हसले, आणि भोवरा तर इतका हसला की त्याला खाटेची कड धरावी लागली. चार एकवीस झाले, चार पंचवीस झाले. ताई बोलत होती. तिला एकदम हलकं वाटत होतं, छातीवरचा दगड काढल्यासारखं, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा धाप न लागता ती एका दमात लांबलचक वाक्यं बोलत होती. दारात उभी राहून शंका डोळे पुसत होती आणि कुणी पाहिलं की नाक पुसल्यासारखं करत होती.

"वायर निसटलीय कुठेतरी," सिस्टर म्हणाली. तिने छातीवरच्या चकत्या बदलल्या. रेघ आडवीच. तिने वायरींचा अख्खा जुडगा बदलला, मग शेजारच्या खाटेचा मॉनिटर ओढून आणला. शेजारच्याचे ठोके त्यावर आताआतापर्यंत टकटक उड्या मारत होते. ताईला जोडल्याबरोबर तोही आडवा झाला. "आज सगळ्यांनी संप केलाय," असं म्हणत सिस्टर तिसरा आणायला गेली, आणि डॉक्टरांना बाहेरून कुणीतरी हाक मारली.

भोवरा खाटेवर टेकला. ताईचं मनगट त्याने हातात घेतलं, अंगठ्याखालची जागा शोधली, दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे पाहत राहिला. हात ऊबदार होता. ताई त्याला सोमवारी ऑपरेशनच्या आधी घरून काय काय आणायचं ते सांगत होती: चष्म्याची दुसरी जोडी, तपकिरी शाल, अर्धं राहिलेलं विणकाम. काट्याने एक फेरी पूर्ण केली. त्याने बोटं जरा वर सरकवली. काट्याने दुसरी फेरी पूर्ण केली.

"मोजतोयस की झोपलास?" ताई म्हणाली. "किती झाले?"

"बहात्तर," भोवरा म्हणाला, आणि बोटं आणखी थोडी दाबून, अगदी स्थिर बसून, पहिल्याची वाट पाहत राहिला.