वीतभर पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे. माझ्यावर कुणी मुळाक्षरं गिरवली नाहीत, आणि मला ओल्या फडक्याची सवयही नाही. मी समुद्राच्या तळाशी लिहायची पाटी आहे. रंगाने पांढरी, प्लास्टिकची, दोरीला बांधलेली पेन्सिल शेजारी लोंबकळणारी. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर फारसा विश्वास नाही. पाण्याखाली माणसाच्या तोंडात हवेची नळी असते, त्यामुळे त्याला खोटं बोलता येत नाही. पण लिहिता येतं ना! आणि लिहिलेलं वर गेल्यावर वहीत जसंच्या तसं उतरतंच, असं कुणी सांगावं?

जन्माने मी मासळीच्या खोक्याचं झाकण. चिलीच्या उत्तरेला, जिथे वाळवंट थेट समुद्राला येऊन टेकतं, तिथे पुंता लोबेरा नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या धक्क्यावर मी उन्हात पडून होते. रायेनने मला उचललं, खडकावर घासून धुतलं आणि करवतीने कापलं. लांबी बरोब्बर वीस सेंटिमीटर. एक केसही इकडे नाही की तिकडे नाही. तीनदा मोजलं तिने. मला तेव्हाच वाटलं, या मुलीचा स्वतःवरही विश्वास दिसत नाही. आपलं जमेल.

रायेन समुद्रातल्या जंगलाची तब्येत तपासते. इथे पाण्याखाली विरो नावाचं तपकिरी शेवाळ माणसाच्या डोक्यापेक्षा उंच वाढतं. त्याला मुळं नसतात. बुडाशी एक जाड गोल पकड असते, तिने ते खडकाला धरून बसतं. वस्तीची निम्मी घरं याच विरोवर जगतात. ते उपटायचं, वाळूवर वाळवायचं, विकायचं. पण कायदा आहे, पकड वीस सेंटिमीटर रुंद झाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही, आणि लोखंडी बार घालून सरसकट खडक सोलायचा तर नाहीच नाही. मोठी झाडं राहिली तर बाळं वाढतात. म्हणून रायेन बुडी मारायची, मला एकेका पकडीवर आडवी ठेवायची, आणि पकड माझ्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावली की एक रेघ मारायची. एक रेघ म्हणजे एक मोठं झाड.

पहिल्याच दिवशी एदेल्मिराने मला हातात घेतलं. डोन्या, म्हणजे बाईसाहेब, एदेल्मिरा ही वस्तीच्या संघटनेची प्रमुख. साठीची, आवाज भोंग्यासारखा. तिने आपला पंजा ताणून माझ्यावर ठेवला. अंगठा एका कडेला, करंगळी दुसऱ्या कडेला. तंतोतंत.

"अगं बाई," ती हसत सुटली, "विद्यापीठात जाऊन शिकलीस आणि माझाच हात कापून आणलास होय! आम्ही चाळीस वर्षं वितीनेच मोजतोय."

"तुमची वीत बरोबर आहे, हे आता कागदावर येईल," रायेन म्हणाली.

"कागदावर आली की ती माझी राहणार नाही, पोरी."

मला हे बोलणं आवडलं नाही. पण लक्षात राहिलं.

त्या वर्षी समुद्रतळाच्या आखलेल्या चार पट्ट्यांत मिळून एकसष्ट रेघा झाल्या. मग रायेनला दिवस गेले, पोट दिसू लागलं, आणि मी खिळ्याला टांगली गेले. वर्षभराहून जास्त. त्या काळात कुणीच मोजायला गेलं नाही. रिकाम्या घराला कुलूप नसेल तर शेजारी काय करतात, ते मला शिकवायला नको.

रायेन परत आली ती आठ महिन्यांच्या अंपारोला पाठीला बांधून. रायेनच्या डोळ्यांखाली काळं, ब्लाउजवर दुधाचे डाग. बाळ खोकलं तर घाबरायची, नाही खोकलं तर जास्त घाबरायची. बाळाला एदेल्मिराकडे ठेवून धक्क्यावर निघायची आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन विचारायची, "श्वास नीट घेतेय ना?"

"नाही," एदेल्मिरा म्हणायची, "मी तिला शिंपल्यासारखी उकडून ठेवलीय. जा आता!"

अंपारोला दात येत होते. जे सापडेल ते चावायची, आणि एक दिवस तिला मी सापडले. माझा एक कोपरा तुटून धारदार झाला होता. हिरडीला लागला. रक्ताचा एक थेंब आला असेल, फार तर दीड. पण रायेन अशी रडली की मला वाटलं, आज मी चुलीत जाणार.

चुलीतून मला वाचवलं ते उलिसेसने. हा म्हातारा पाणबुड्या. सगळे त्याला चुंगुंगो म्हणतात, म्हणजे पाणमांजर, कारण मिशा तशाच. रायेन त्याच्याच होडीतून बुडी मारते. होडीत हवेचं यंत्र असतं, त्यातून लांब नळी निघते, आणि खाली गेलेल्या माणसाचा श्वास वर बसलेल्याच्या हातात असतो. त्याने एका जुन्या नळीचा तुकडा आणला. रायेनने तो उभा चिरला आणि गोंद लावून माझ्या चारही कडांवर चढवला. जाड, मऊ, काळी किनार. अंपारोने लगेच ती चघळायला घेतली. सगळे हसले. मीही लाडावले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या आठवड्यात मोजणी सुरू झाली. पहिल्या पट्ट्यात अकरा. रायेनने परत मोजलं. अकराच. पूर्वी तिथे सोळा होती. दुसऱ्यातही कमी. तिसऱ्यात एका खडकावर पांढरे ओरखडे दिसले, ताजे, सरळ. तिने त्यांवरून बोट फिरवलं. मी तिच्या मनगटाला लटकलेली होते, तिची नाडी मला कळत होती.

मला तर सगळं आधीच ठाऊक होतं. होडीत मागच्या फळीखाली, गोणपाटात गुंडाळलेला लोखंडी बार होता. मी रोज त्याच्या शेजारी पडून असे. रायेननेही तो पाहिला होता आणि पाहिला नाही असं केलं होतं. आणि उलिसेसच्या छपरावर बघावं तेव्हा विरो वाळत असायचं. वाऱ्याने किनाऱ्याला लागलेलं, असं तो म्हणायचा. वारा भारीच दयाळू दिसतो, मी मनात म्हणायची.

चौथ्या पट्ट्यात बेरीज झाली. त्रेचाळीस. एकसष्टची त्रेचाळीस. त्या थंड, हिरव्या उजेडात ती बराच वेळ तशीच तरंगत राहिली. मग तिने माझ्या मागच्या बाजूला एक नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. उलिसेस? पेन्सिल एवढी दाबली की मला खोल ओरखडा पडला.

तेवढ्यात नळीला दोन हिसके बसले. दोन हिसके म्हणजे वर ये. ती हलली नाही. नळीकडे नुसती बघत राहिली. त्या क्षणी तिला काय वाटलं ते मी सांगू शकते, कारण मलाही तेच वाटलं. ही नळी कुणाच्या हातात आहे? पुन्हा दोन हिसके. तिला घरी दूध पिणारं बाळ आठवलं असावं, कारण ती एकदम वर निघाली.

वर दाट धुकं उतरलं होतं, म्हणून तो बोलावत होता. होडीत चढायला दोन्ही हात लागतात. त्यामुळे नेहमीप्रमाणे आधी त्याने मला तिच्या हातातून घेतलं. आणि उलटं घेतलं.

त्याने वाचलं. यंत्र फटफटत होतं. रायेन होडीच्या काठाला धरून पाण्यातच राहिली.

"स्पेलिंग बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "दवाखान्यातली बाई कायम चुकवते. ये वर, गारठशील."

उलिसेस रायेनला प्रोफे म्हणतो, म्हणजे शिक्षिका. धक्क्याला लागताना तो म्हणाला, "प्रोफे, तुझी हवा माझ्या हातात असते आणि तुझ्या पाटीवर माझं नाव. तुझं धाडस मोठं म्हणायचं की माझं?"

"तो बार कशाला आहे?" तिने विचारलं.

"यंत्राचा पट्टा ताणायला."

मी इतक्या दिवसांत त्याला पट्टा ताणताना पाहिलं नव्हतं. अजूनही पाहिलेलं नाही.

रविवारी संघटनेच्या शेडमध्ये सभा भरली. बाकांवर माणसं, किटलीत चहा, फडक्यात गरम पाव. नियम सगळ्यांना पाठ होता. मोठी झाडं चौथाईने घटली तर सगळा किनारा दोन वर्षं बंद. आणि बार घालणारा संघटनेतून कायमचा बाहेर, म्हणजे समुद्रातूनच बाहेर. उलिसेस दाराजवळ उभा होता, टोपी हातात. मी खाली चटईवर अंपारोच्या तोंडात होते.

रायेनने आकडे वाचले. एकसष्ट. त्रेचाळीस. शेडमध्ये कुजबुज पसरली. जो तो शेजाऱ्याच्या बुटांकडे पाहू लागला. मला खूप ओळखीचं वाटलं ते दृश्य. इतके दिवस माझ्या एकटीच्या डोक्यात होतं, आता सगळ्यांच्या डोळ्यांत आलं.

"तुला कुणाचा संशय आहे?" एदेल्मिराने विचारलं.

रायेनने आकड्यांची वही मिटली.

"तिला कशाला छळता?" दारातून उलिसेस म्हणाला. "बाळाच्या तोंडात आहे बघा ती पाटी. मागे माझं नाव आहे."

रायेनने ते पुसलं होतं, वाळूने, राखेने, दात घासायच्या पेस्टनेही. पण ओरखडा कुठे जातो? एदेल्मिराने मला बाळाच्या हातातून काढून घेतलं. बाळाने भोकाड पसरलं. तिने मला उजेडाकडे तिरपं धरून नाव वाचलं. चाळीस वर्षांची सवय, तिचा पंजा आपोआप माझ्यावर पसरला. अंगठा एका कडेला टेकला. करंगळी पोचली नाही.

तिने परत ताणली. नाहीच.

"माझा हात आखडला की काय?"

"वय झालं, डोन्या!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि चारदोन जण हसले.

"तुझ्या आजीचं झालं वय. हा हात सकाळीच विरोवर ठेवून आलेय मी." तिने मला डोळ्यांजवळ नेलं, काळ्या किनारीवर नख फिरवलं, आणि हळूच रायेनकडे पाहिलं.

रायेन पांढरी पडली होती. माझ्याहून पांढरी.

मी काय सांगू तुम्हाला! होडीतल्या बारवर माझी नजर होती, छपरावर होती, वाऱ्यावरसुद्धा होती. फक्त स्वतःच्या अंगावर नव्हती. दोन्ही बाजूंची किनार मिळून माझी लांबी तेवीस झाली होती. बावीसची पकड माझ्याखाली झाकली जायची, आणि एक चांगलं मोठं झाड रेघ न मिळता तसंच उभं राहायचं, पाण्यात डुलत.

रायेन उठली. पाव कापायची सुरी घेऊन तिने माझी किनार सोलायला घेतली. गोंद पक्का होता. "बाळाला लागू नये म्हणून लावली होती," ती म्हणाली. "मोजणीचा विचारच केला नाही. ज्याने ही नळी दिली त्याच्यावरच मी..."

"नळी परत मिळणार का?" उलिसेसने विचारलं.

या वेळी कुणी हसलं नाही. त्याने टोपी डोक्यावर चढवली. "उद्या सकाळी समुद्र शांत आहे. परत मोजू. आणि प्रोफे, खाली गेल्यावर दोन हिसके दिले की वर यायचं. रुसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच होडीतून गेली. दुसरी होडी मागता आली असती. तिने मागितली नाही. काठावरून उलटी पडायच्या आधी तिने नळी त्याच्या हातात स्वतः दिली. मी उघड्या कडांनी खाली गेले, बरोब्बर वीस, एका कोपऱ्यात तुटलेली. अकरा झालेला पट्टा परत सोळा झाला. बेरीज सत्तावन्न.

सत्तावन्न. एकसष्ट नव्हे. किनारा वाचला, उलिसेस वाचला. पण चार झाडं गेली होती, आणि तिसऱ्या पट्ट्यातले पांढरे ओरखडे तिथेच होते. लाटांनी नेली असतील. रायेनने वहीत चार लिहिले, नाव कुणाचं लिहिलं नाही. मी मात्र अजून बुटांकडे बघते. स्वभावाला औषध नाही.

आता खाली जायला स्टीलची नवी पाटी आहे. दर मोजणीच्या आधी धक्क्यावर, सगळ्यांसमोर, एदेल्मिरा तिच्यावर आपली वीत ठेवते आणि मगच होडी सुटते. असा नियम कागदावर कुठेच नाही. उलिसेस दर वेळी ओरडतो, "हात धुतलास का गं?" आणि दर वेळी शिवी खातो.

मी अंपारोकडे असते. माझी काळी किनार परत चिकटवली आहे. ती आता तीन वर्षांची आहे, माझ्यावर खेकडे काढते, त्यांना अकरा पाय असतात. परवा तिने माझ्या मागच्या ओरखड्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

"माझं नाव," उलिसेस म्हणाला. "तुझ्या आईने लिहिलंय. पुसायला आली होती, मीच म्हटलं राहू दे."

रायेन ओट्याशी पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

बायांनो, बाप्यांनो, तुम्हाला संशय घेऊ नका असं मी सांगणार नाही. मला ते शोभणारही नाही. एवढंच करा, मोजायला निघालात की पहिला संशय माझ्यावर घ्या. मला उलटं करा, कडा चाचपा, वीत लावून बघा.

अंपारो कधीकधी आपला पंजा माझ्यावर पसरते. अर्ध्यापर्यंतही पोचत नाही. पण हात वाढतोय तिचा. उद्या तो कडेला टेकेल, तेव्हा कुणीतरी जवळ असा आणि तिला सांगा, ही पाटी वीस नाही, तेवीस आहे. मी सांगेन, पण माझं कोण ऐकतं?